पुन्हा एकदा डोनेशन

थंडी पडली की राज्यात दोन गोष्टींचा सुळसुळाट होतो. हुरडा पार्ट्या आणि बॅचची गेट-टुगेदर. पहिलीत निदान हुरडा तरी मिळतो.

सध्या जोरात आहेत ते साठी गाठलेले इंजिनिअर. १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिलं. तेव्हा आत शिरलेले १९८७ला बाहेर पडले आणि आता एकेक करून निवृत्त झाले. वेळ भरपूर, गुडघे अजून बरे आणि हातात फोन. ग्रुपचं नाव ‘जिगरी ८७’.

जिगरी!

मधली पंचवीस वर्षं हे जिगर कुठं होतं, हे विचारायचं नाही. तेव्हा फोन नव्हते, ही सबब तयारच असते. खरंय, घरच्या फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. पण रात्री अकरानंतर एसटीडी स्वस्त व्हायची तेव्हा बूथवर रांग लागायची, आणि त्या रांगेत हीच मंडळी असायची. फोन कुणाला? ठरलेल्या स्थळाला. पोस्टकार्ड तर आजही ५० पैशांना मिळतं. मित्रासाठी ते तेव्हाही परवडलं नाही.

मग ऑर्कुट आलं, २०१४मध्ये बंदही पडलं. फेसबुक आलं, व्हॉट्सअ‍ॅप आलं. संपर्क फुकट झाला आणि मैत्री उतू जाऊ लागली.

ग्रुपचे नियम कडक. राजकारण नको, धर्म नको, पैशांचे व्यवहार नकोत. मग उरलं काय? सूर्योदय, गुलाबाची फुलं आणि मधुमेहावर मेथीचं पाणी. निवडणूक जवळ आली की एक जण तरी रागावून बाहेर पडतो. निकालानंतर अ‍ॅडमिन त्याची समजूत काढून परत आणतो. सरकारं येतात-जातात, याचा रुसवा मात्र दर खेपेला बिनविरोध निवडून येतो.

खरी गंमत मुलींची.

ग्रुप निघाला की मुलं आठ दिवसांत सापडतात. वर्गातल्या मुली इनमीन चार. त्यातली कोण कुठल्या बसने येते, हे तेव्हा अख्ख्या कॉलेजला पाठ. आणि आता एकीचाही पत्ता नाही! कसा असेल? लग्नात आडनाव गेलं, वडिलांचं नाव गेलं. एखादीचं तर स्वतःचं नावसुद्धा गेलं. ताटातल्या तांदळात नवरदेवाने अंगठीने दुसरंच नाव लिहिलं, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. मार्कशीटवरची ती मुलगी कागदोपत्री उरलेलीच नाही. फेसबुकवर शोधणार कुणाला? आणि कायद्याने तर नाव बदलायची सक्ती कधीच नव्हती.

मग तपास सुरू होतो. कुणाचा तरी साडू तिच्या माहेरच्या गल्लीत राहतो. तो तिच्या भावाला गाठतो. भाऊ विचारतो, ‘काय काम आहे?’ कंपनीत दोनशे माणसं हाताखाली वागवलेल्या गृहस्थाला वर्गातल्या मुलीचा नंबर मागताना पुन्हा घाम फुटतो. अखेर नंबर मिळतो.

तिच्या नवऱ्याचा.

तरीही ती ग्रुपवर येते. पहिल्या दिवशी स्वागताचा पाऊस. चार वर्षांत ज्यांनी तिच्याकडून जर्नल मागायचंही धाडस केलं नाही, ते ‘अगं, ओळखलंस का?’ म्हणून विचारतात. ती कशी ओळखणार? तेव्हा डोक्यावर केस होते. आठवडाभरात ‘मोकळेपणाने बोलता येत नाही’ म्हणून फक्त मुलांचा दुसरा ग्रुप निघतो. जिच्यासाठी एवढी शोधाशोध केली, ती पहिल्या ग्रुपवर एकटी सुविचार वाचत बसते.

भेटीची तारीख डिसेंबरअखेरची. कारण अमेरिकेतल्यांना तेव्हाच सुट्टी असते. परभणीहून रात्रभर बसने येणाऱ्याला कुठली तारीख सोयीची, हे कुणी विचारत नाही. रिसॉर्टवर सगळ्यात आधी पोचलेला असतो तोच.

मग एका रंगाचे टी-शर्ट, शाल-श्रीफळ, अंताक्षरी. सत्काराला बोलावलेल्या सरांना एकही चेहरा आठवत नाही, पण ते ‘सगळे आठवतात’ म्हणतात. शिक्षकाने एवढं खोटं बोलावं, ही वेळ आणली कुणी? गेलेल्या मित्रांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं ठरतं. सव्वा मिनिटात कुणीतरी खुर्ची ओढतो आणि माइकवरून घोषणा होते: ‘चला, नाश्ता गार होतोय.’

दुसऱ्या दिवशी कॉलेजदर्शन. या बॅचने पत्र्याच्या शेडमध्ये धडे गिरवले. वर्कशॉप तेव्हा फक्त नकाशात होतं. आता काचेची इमारत, स्वागतकमान आणि संस्थापकांचा पुतळा. गेटवरचा वॉचमन विचारतो, ‘कुणाला भेटायचंय? आयकार्ड?’

आत मात्र लाल गालिचा. एवढं प्रेम कुठून आलं? नॅककडून. महाविद्यालयाच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागालाही गुण असतात. त्यांची नोंदणीकृत संघटना आहे का, त्यांनी संस्थेला किती दिलं, हे तिथं विचारलं जातं. त्यामुळे चहाच्या मागोमाग फॉर्म येतो, आणि फॉर्मच्या मागोमाग विश्वस्तांचं भाषण. आयआयटी मुंबईच्या १९९८च्या बॅचने रौप्यमहोत्सवी भेटीत ५७ कोटी जाहीर केले. नंदन निलेकणींनी २०२३मध्ये एकट्याने ३१५ कोटी दिले. आपण निदान एक प्रयोगशाळा...

थांबा, साहेब. तिथली मुलं सरकारी खर्चात शिकली. इथल्या कित्येकांच्या बापांनी प्रवेशाच्या आधीच देणगी मोजलीय. कुणी शेत विकून, कुणी आईच्या पाटल्या मोडून. कॅपिटेशन फी बंद करणारा राज्याचा कायदा १९८७चा, म्हणजे ही बॅच वसूल करून झाल्यावरचा. प्रयोगशाळेला नाव द्यायचंच असेल, तर आधी त्या पैशांची पावती दाखवा.

पावती? ती कुणाला मिळाली होती?

मग या ग्रुपचा उपयोग काहीच नाही का? आहे की. मुलीचा बायोडाटा फिरतो, भाच्याचा रेझ्युमे योग्य टेबलावर पोचतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वर्गमित्राला गिऱ्हाइकं मिळतात, आणि पैशांच्या व्यवहारांचा नियम तेवढ्यापुरता झोपतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. वर्गात तरी आपण एकमेकांच्या जर्नलसाठीच तर मैत्री केली होती.

न्यू जर्सीतल्या एखाद्याचे वडील कोथरूडच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरात पडतात. मध्यरात्री ग्रुपवर मेसेज येतो. सकाळपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागते. रिक्षाला हात मात्र एकानेच केलेला असतो. तो ग्रुपवर कधी ‘सुप्रभात’सुद्धा म्हणत नाही. अ‍ॅडमिट करायचे पैसे तोच भरतो, आणि ते परत मागायला लाजतो.

यंदा तुमच्याही ग्रुपवर तारीख पडली असेल. रिसॉर्ट ठरलंय, केटररला अ‍ॅडव्हान्स गेलाय, आणि तो गेलाय खजिनदाराच्या खिशातून. परभणीवाल्याने पहिल्याच दिवशी पैसे पाठवले. डॉलरवाल्यांचं अजून ‘बघतो’ चाललंय. तेव्हा जुन्या आठवणींचे सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज मागाहून पाठवा. आधी वर्गणी भरा.