नऊ राज्यं आणि पापलेट

राष्ट्रपतींच्या अधिकारांवर वाद घालायला वर्सोव्याचा किनारा ही काही योग्य जागा नाही. भरती असली की ओरडावं लागतं आणि ओहोटी असली की नाक धरावं लागतं. नाक धरून ‘कलम तीनशे छप्पन’ म्हटलं की कोणीही तुम्हाला घटनातज्ज्ञ मानत नाही. तरी आमचा रविवारचा कंपू सात बंगल्याच्या बाजूने चालायला लागतो आणि चहाच्या टपरीशी येईपर्यंत लोकशाही धोक्यात आणून ठेवतो.

कंपूत आम्ही चौघं. एक सीए, त्यांना आजच्या केंद्र सरकारचं सगळं पटतं. मी, मला काहीच पटत नाही. तिसरा आराम नगरात ऑडिशनं देत फिरणारा एक पोरगा. त्याला एकदा राष्ट्रपतींच्या अंगरक्षकाचा रोल मिळाला होता, संवाद नव्हता, पण तेव्हापासून तो या विषयावर अधिकाराने बोलतो. आणि चौथे मॅनेजरसाहेब. यांनी बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. मत कुणाला देतात हे त्यांच्या घरातही कुणाला माहीत नाही. राष्ट्रपतींच्या सहीकडे ते चेकवरच्या सहीसारखं बघतात: सही कुणाची ते नंतर, आधी सही करायला लावणारा कोण ते सांगा.

त्या दिवशी भांडण पेटलं ते २०१९ वरून. आमच्यात ते दर दोन-तीन महिन्यांनी पेटतंच. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला महाराष्ट्रात कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवट लागली आणि २३ तारखेला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली. आठच्या सुमारास राजभवनावर नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकला तेव्हा निम्मा महाराष्ट्र दात घासत होता. राजवट उठवायला केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली नव्हती. पंतप्रधानांनी कामकाज नियमावलीतला नियम १२ वापरला: घाई असेल तर बैठकीशिवाय निर्णय घ्या, मंत्रिमंडळाची संमती मागाहून घ्या. पुढे २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याच दुपारी मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला.

“पहाटे सही करायला लावतात आणि राष्ट्रपती करतात!” मी गरजलो. “अंकुश कुठाय?”

“पहाटे काम करणं गुन्हा आहे का?” सीएंनी समुद्राकडे हात केला. “इथल्या बोटी काय दुपारी बारा वाजता सुटतात?”

“बोटीवाले मासे आणतात हो, आमदार नाही.”

हे वाक्य मला जागच्या जागी सुचलं होतं. अंगरक्षक हसलासुद्धा. पण सीए कसलेले. त्यांनी सरळ १९७५ काढलं. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली आणि मंत्रिमंडळाला ते कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. आता इथे माझी पंचाईत. आमच्या घरात आणीबाणीचा इतका राग होता की १९७७ च्या निवडणुकीचा निकाल लागल्यावर वडिलांनी चाळभर पेढे वाटले होते. म्हणजे मला सीएंशी सहमत होणं आलं. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, सीएंशी सहमत! मी घाईघाईने ४४ वी घटनादुरुस्ती पुढे केली. १९७८ ची ही दुरुस्ती सांगते की आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी पाहिजे, आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. एकदाच. दुसऱ्यांदा तोच आला की सही करावीच लागते.

“आमच्याकडे चेक हवा तितक्या वेळा परत पाठवता यायचा,” मॅनेजरसाहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. त्यांनी ग्लास खाली ठेवला की काहीतरी होतं. “पुढच्या रविवारी मी चिठ्ठ्या आणतो. घटना खरी, नावं आणि साल झाकलेलं. तुम्ही फक्त सांगायचं, योग्य की अयोग्य, आणि कुणी केलं. चुकेल त्याने सगळ्यांना पापलेट खिलवायचं.”

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मे संपत आला होता, १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे पापलेटचा भाव कुठे पोचला असेल याचा विचार सीएंनी केला. मी केला नाही. मला चिठ्ठ्या जिंकायच्या होत्या. आठवडाभर मी बोम्मई खटला घोकला: ११ मार्च १९९४, नऊ न्यायमूर्ती. राष्ट्रपती राजवटीचा आदेश न्यायालय तपासू शकतं आणि बहुमत राजभवनात नाही, सभागृहात मोजायचं. राष्ट्रपती राजवटीची कलमं वापरायची वेळच येऊ नये, अशी आशा बाबासाहेबांनी घटना समितीत व्यक्त केली होती, हेही आरशासमोर म्हणून झालं. बायकोने दाराआडून विचारलं, “पगार मिळणार आहे का याचा?”

रविवारी माझी चिठ्ठी आधी निघाली. मॅनेजरसाहेबांनी चष्मा चढवून वाचली: “केंद्रात नवा पक्ष निवडून आला. म्हणाला, लोकांचं मन आता बदललंय. आणि विरोधी पक्षाची नऊ राज्यांतली सरकारं एका दमात घरी पाठवली. बोला.”

मी उभाच राहिलो. लोकशाहीचा गळा, संघराज्याची चेष्टा, रबरी शिक्का, सगळं येऊन गेलं. दोन कुत्री आणि फिरायला आलेल्या एक आजी थांबून ऐकायला लागल्या. “फेब्रुवारी १९८०!” मी समारोप केला. “इंदिरा गांधी! त्या नऊ राज्यांत आपला महाराष्ट्रसुद्धा होता, पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार!”

मॅनेजरसाहेबांनी चिठ्ठी उलटी केली. मागे बँकेच्या टापटिपीत लिहिलं होतं: एप्रिल १९७७, जनता पक्ष.

नऊ राज्यं तीही आणि नऊ राज्यं हीही. १९७७ मध्ये काँग्रेसची घालवली, १९८० मध्ये त्याच हिशोबाने परत फेडली. १९७७ मध्ये हंगामी राष्ट्रपती असलेल्या बी. डी. जत्तींनी सहीला एक दिवस आढेवेढे घेतले होते आणि आमच्या वडिलांनी त्या बिचाऱ्या जत्तींना चाळीच्या कठड्यावरून नाही नाही ते बोलून घेतलं होतं. पेढे खाल्लेल्या तोंडाने मी आत्ता ज्यांना हुकूमशहा ठरवलं, ते आमचेच निघाले.

“पण परिस्थिती वेगळी होती,” मी म्हणालो. आजी निघून गेल्या.

सीएंची चिठ्ठी: “पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाची बैठक न बोलावता, नियम १२ वापरून, राष्ट्रपतींची सही घेतली. संमती नंतर.” सीए तावातावाने म्हणाले, हा नियमच काढून टाकला पाहिजे, १९७५! चिठ्ठीमागे लिहिलं होतं: १९७५ आणि २०१९. इंदिराबाईंच्या त्या रात्रीच्या पत्रातही नियम १२ च होता. पण सीए ते सीएच. त्यांनी शांतपणे ताळेबंद मांडला: दोन उत्तरांपैकी एक बरोबर, म्हणजे पास. पापलेट मी.

वर्सोवा कोळीवाड्याच्या बाजारात जाताना सीए सोबत आले, भाव बघायला. मी त्यांना वाटेत बोम्मई समजावत होतो. मावशींनी भाव सांगितला आणि मी मध्येच गप्प झालो. “बंदी लागतेय, आता नारळी पुनवेशिवाय असा माल नाही,” मावशी म्हणाल्या. मी कमी करा म्हटलं. त्यांनी पापलेट उचलून परत पाटीत ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड केलं. अपील नाही, फेरविचार नाही. मी पैसे मोजले.

घरी बायकोने पहिल्या पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उघडला. आतून फिका, राखाडी. मग डोळा दाबला, तो आतच गेला. “चार दिवस बर्फात झोपलेत हे. बघून घेतलंस का?”

“मी बोलत होतो गं.”

“ते दिसतंय.” तिने आलं-लसूण दुप्पट लावलं.

जेवताना मी शेवटचा डाव टाकला. चिठ्ठी मीच केली होती: “मंत्रिमंडळाने एका राज्यात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली, राष्ट्रपतींनी ती परत पाठवली. योग्य की अयोग्य?” के. आर. नारायणन यांनी हे दोनदा केलं. १९९७ मध्ये गुजराल सरकारची उत्तर प्रदेशाची शिफारस परत, १९९८ मध्ये वाजपेयी सरकारची बिहारची परत. एकात सीएंचा पक्ष वाचला, दुसऱ्यात आपटला. काहीही बोलले तरी सापडणार होते.

सीएंनी काटा बाजूला काढला. “सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव?”

“साल सांगायचं नाही, ठरलंय.”

“मग मत नाही,” म्हणाले आणि शेवटची तुकडी ताटात वाढून घेतली.