जीवधनचा ड्रॅगन आणि थ्री फेज

सासरी जाताना माणसाने पेढ्यांचा पुडा न्यावा, फार तर पोरांसाठी चिक्की न्यावी. मी तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं, पिशवीभर चित्रविचित्र फासे आणि स्वतःच्या हाताने लिहिलेली दोनशेपानी वही घेऊन नारायणगावच्या एसटी स्टँडवर उतरलो. "अहो, निदान फरसाण तरी घ्या," असं बायकोने सुचवलं, तर फरसाण काय कोणीही आणतं, असं तिला वर ऐकवलंही. वहीत ड्रॅगन होता.

आधी खेळ काय तो सांगतो, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून बाहेर पडला. करते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. त्यातल्या गायगॅक्सची विम्याच्या कचेरीतली नोकरी गेली होती आणि पोटासाठी तो बूट दुरुस्त करी, हे वाचल्यापासून मला तो आपल्यातलाच वाटतो. पहिली हजार खोकी घरीच बसून भरलेली. खेळात एकजण गोष्ट सांगतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे एकेक पात्र घेतात, योद्धा, जादूगार, चोर, पुजारी असं काहीतरी. मास्टर प्रसंग उभा करतो आणि विचारतो, आता काय करता? जे होईल की नाही याची शंका असेल, त्यासाठी वीस पैलूंचा फासा टाकायचा. झाला खेळ. उरलेली हजारभर पानं स्पष्टीकरणाची आहेत, आणि ती सगळी मी वाचली होती.

सासुरवाडी मळ्यात आहे. चहूकडे ऊस, आणि ऊस डोक्याच्या वर गेला की बिबट्याचं बिऱ्हाड त्यातच असतं, त्यामुळे संध्याकाळी सातला दारं लागतात ती लागतातच. नवशिक्यांना कोंडून शिकवायला यापेक्षा सोयीची जागा मला पुण्यात मिळाली नसती. सासूबाई, टोमॅटोवाला मेहुणा, त्याची आठवीतली मुलगी, बायको आणि घोडेगावहून आलेले साडू (गणिताचे निवृत्त मास्तर) यांना मी सतरंजीवर गोल बसवलं आणि फासे ओतले. साडूंनी दहा पैलूंचा फासा उचलून डोळ्यांशी नेला.

"हा यात कसा? सुसम घन पाचच. चार, सहा, आठ, बारा, वीस. हा घुसखोर आहे."

पुस्तकांत यावर उत्तर नव्हतं. मी पुढे रेटलं. प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात, तीन-तीन फासे टाकून ठरवायचे. ताकद, चपळाई आणि दम इथवर सगळे माना डोलवत होते, पण बुद्धी आणि शहाणपण या दोन वेगळ्या गोष्टी कशा, हे बायकोसमोर समजावण्याचं धाडस मी करायला नको होतं. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मदतीला मेहुणा धावला. "म्हणजे बघा, कोणतं औषध कधी मारायचं ते कळणं ही बुद्धी, आन् गेल्या साली टोमॅटोला भाव मिळाला म्हणून अवंदा डबल न लावणं हे शहाणपण." मग त्याने आपल्या पात्राच्या शहाणपणापुढे स्वतःहून तीन लिहिले. अवंदा त्याने डबल लावले होते.

सहावा गुण म्हणजे छाप पाडण्याची ताकद. सासूबाईंनी फासे टाकले, तीन सहा. "दोनशे सोळात एकदा," साडू आदराने म्हणाले. सासूबाईंनी पुजारीण व्हायचं ठरवलं, कारण जखमी माणसाला बरं करणं तिच्याकडे असतं. पुस्तकातलं जादूचं औषध त्यांना पसंत नव्हतं. त्यांच्या पात्राच्या झोळीत हळद आली, आणि साडूंनी आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातला हिरडा घातला. चिलखताच्या नियमाची तिसरी पोटशाखा मी उलगडत होतो, तोवर भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, मेहुणा भिंतीला टेकून घोरायलाही लागला. मग मुलगी म्हणाली, "मामा, नियम राहू द्या. आम्ही कुठे आहोत ते सांगा ना."

"शिवनेरीवर. रात्र आहे. सात दरवाजांच्या आत एक राक्षस..."

"जावईबापू!" सासूबाई कडाडल्या. "महाराजांच्या गडावर राक्षस?"

सगळा डाव मी जागच्या जागी उचलून जीवधन गडावर नेला. तिथे दगडात कोरलेलं धान्याचं कोठार आहेच, त्यात ड्रॅगन बसवला, आणि पायथ्याच्या नाणेघाटात जकातीच्या दगडी रांजणाशी एक राक्षस उभा केला. त्याचं कोडं सोडवल्याशिवाय पुढे वाट नाही. कोडं मी स्वतः रचलं होतं, यमकासकट. जकात म्हटल्याबरोबर मेहुणा जागा झाला.

"जकात किती? शेकड्यानं का नगावर? हमाली कोणाकडं, तोलाई कोणाकडं? पावती देणार का?"

राक्षसाला, म्हणजे मला, यातलं काही माहीत नव्हतं. साडूंनी भर घातली की वरच्या लेण्यात राणी नागनिकेच्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांसह दगडात कोरलेला आहे. दोन हजार वर्षांमागे इतका चोख कारभार होता, तर या राक्षसाला साधी पावती फाडता येऊ नये? सासूबाईंनी मधेच त्याला जेवलास का म्हणून विचारलं आणि छाप पाडण्याचा फासा टाकला. एकोणीस. कोडं राहिलं बाजूला. राक्षसच मेहुण्याचे पाच कार्षापण देणं लागला आणि सामान उचलून मंडळींबरोबर गड चढू लागला.

"दाजी, हा तर वग झाला," मेहुणा खुशीत येऊन म्हणाला. "चैत्रात नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात ना? जुन्या वगात गोष्ट तेवढी ठरलेली, बोलायचं ते उभ्या उभ्या. तुम्ही सोंगाड्या झकास करता." मी मास्टर करत होतो.

आता सगळी भिस्त ड्रॅगनवर. मी दिवा बारीक केला, कोठारातला अंधार, सोन्याचा ढीग, त्यावर वेटोळं घालून निजलेलं ते धूड असं सगळं उभं केलं आणि पोटातून अशी डरकाळी काढली की गोठ्यातली म्हैस रेकली. वेद म्हणणाऱ्या रेड्याची समाधी आळ्याला, म्हणजे याच तालुक्यात, त्यामुळे तिच्या उत्तराचं कोणाला नवल वाटलं नाही.

"झोपलाय ना? मग झोपू द्या की," सासूबाई म्हणाल्या.

"लढायचं तर सोळा किंवा वर पडायला हवं," साडूंनी हिशेब मांडला. "म्हणजे पंचवीस टक्के. पस्तीसच्या खाली मी कोणाला पास केलेलं नाही."

मेहुण्याने मात्र विचारदेखील केला नाही. "वनखात्याला कळवा. पिंजरा लावा, आत बकरी बांधा, सापडला की माणिकडोहला धाडा." बिबट्यांचं निवारा केंद्र तिथेच आहे, तेव्हा सूचना रीतसर होती. पिंजरा जीवधनच्या कातळावर चढेल का, यासाठी मुलीने फासा टाकला. वीस! वीस पडल्यावर हरकत घ्यायला मला तोंड उरलं नाही. माझ्या वहीतली पुढची दीडशे पानं लढाईची होती.

ड्रॅगन बकरीचा वास घेत पिंजऱ्याच्या तोंडाशी आला, आणि तेवढ्यात ओसरीवरचा बल्ब भपकन मोठा झाला. मेहुणा ताडकन उठला. थ्री फेज आली होती. शेतीपंपाची वीज रात्रीच यायची असेल तर माणसाला रात्रीच जावं लागतं. त्याने बॅटरी घेतली, काठी घेतली आणि अगदी सहज विचारलं, "चला दाजी, उसाला दारं धरायचीत."

अंधाऱ्या कोठारांचं इतका वेळ रसाळ वर्णन करणाऱ्या मला एकाएकी पाठीची उसण, चपलेचा तुटका अंगठा आणि सकाळची एसटी असं सगळं एकदम आठवलं. मुलीने फासा पुढे केला. "मामा, दहाच्या वर पडला तर जायचं." मी तो तोंडाशी नेऊन, फुंकर मारून, कुलदैवताचं नाव घेऊन टाकला.

एक.

एक पडल्याचा इतका आनंद त्या खेळात कोणाला झाला नसेल. साडू मुकाट्याने उठून मेहुण्याबरोबर गेले. पहाटेच्या सुमारास दोघे चिखलाच्या पायांनी परतले आणि पाय धुवायच्याही आधी मेहुण्याने मला हलवून जागं केलं. "दाजी, गेला का ओ ड्रॅगन पिंजऱ्यात?"

तेव्हा तुम्हाला कोणाला हा खेळ शिकवायचा असेल, तर हजार पानं घरी ठेवा. सुरुवातीच्या खोक्यात तयार पात्रं मिळतात, ती वाटून टाका, लोकांना कुठेतरी उभं करा आणि आता काय करता, एवढं विचारून गप्प बसा. आमच्याकडे आता सासूबाई मास्टर आहेत. त्यांनी एकही पुस्तक उघडलेलं नाही आणि मला त्यांनी हमालाचं पात्र दिलंय. पुढचा डाव दिवाळीत आहे. यायचं असेल तर सातच्या आत या, आणि त्या आठवड्यात लाईट दिवसाची की रात्रीची, ते आधी फोन करून विचारा.