चिचगडात अँटी-स्केट लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

आधी मुहूर्त. दिवाळीनंतरचे दिवस टाळा. एकदा मंडया लागल्या आणि रात्री झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली, की गावात डावा आवाज कुठला नि उजवा कुठला हे कळत नाही. मग घरच्यांना सांगा की आज गाणी वाजणार नाहीत, नुसती गाण्यांची तयारी चालेल. आजी विचारेल, “काहून गा, गाना त आयकू येते ना?” येते, पण उजवीकडून फाटकं येते, हे तिला सांगण्यात अर्थ नाही.

रोग असा. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईची दांडी एका टोकाला खिळलेली आणि तिचं डोकं थोडं आत वळवलेलं. फिरती रेकॉर्ड सुईला खाचेच्या दिशेने ओढते, पण ती ओढ दांडीच्या खिळ्यातून जात नाही. मग दांडी मधल्या खुंटीकडे सरकू बघते, धान चुरणारा बैल मेढीकडे सरकतो तशी. सुई आतल्या भिंतीला रेलते. स्टिरिओत ही भिंत डाव्या आवाजाची. बाहेरची, उजव्या आवाजाची, सुटत जाते आणि तिकडचा प्रत्येक ‘स’ थुंकल्यासारखा येतो. यावरचा उतारा म्हणजे अँटी-स्केट, दांडीला तेवढंच बाहेर ओढणारी सोय.

गवंड्याची पाणसळ मागून आणा. सारवलेली जमीन मनाने सपाट असते, पाणसळीने नसते. प्लेयरच्या पायांखाली माचिसच्या डबीचा पुठ्ठा सारा. सुईचा भार सोनाराच्या काट्यावर मोजा. कारण सांगू नका. भार 2 ग्रॅम निघाला तर अँटी-स्केटची चकती 2 वर. मात्र बाजूची ओढ 2 ग्रॅम नसते, भाराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, म्हणजे 0.2 ग्रॅम, धानाचे आठ-दहा दाणे. एवढ्यासाठी घर वेठीला धरलंय हे आजीला कळू देऊ नये. चकतीऐवजी दोऱ्याला टांगलेलं वजन असेल आणि दोरा तुटला असेल, तर बोडीवर गळ टाकून बसलेल्या पोराकडून वीतभर बारीक तंगूस घ्या.

काही जाणकार बिनखाचेच्या कोऱ्या तबकडीवर सुई ठेवून ती स्थिर राहते का बघतात. दिसायला छान. पण तिथे सुई टोकावर उभी असते, खाचेत दोन भिंतींवर टेकलेली. घर्षण वेगळं, म्हणून आकडाही वेगळा. शिवाय आवाज चढला की खाच जास्त वळणं घेते आणि ओढ वाढते. तेव्हा सगळ्या रेकॉर्डभर बरोबर ठरेल असा आकडा नाहीच. अर्ध्या आकड्यावरून वाद घालणाऱ्याला मी चहा विचारत नाही.

चावीच्या ग्रामोफोनवाल्यांनी हे वाचू नये. त्यांचा साउंडबॉक्स इतका जड, की सुईची कुठे जायची हिंमत होत नाही.

एवढं करूनही उजवीकडे फाटतंच असेल तर सुई मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. नंतर अँप्लिफायर बंद करून प्लेयरच्या तारा डावी-उजवी बदला. फाटका आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष सुईकडचा. पुन्हा पाणसळीपासून सुरुवात करा. तिथेच राहिला तर स्पीकरची जाळी काढून आत उंदराने काय केलंय ते बघा.