वाचाचकाका

आमच्या सोसायटीत कुणी आजारी पडलं की दोन माणसं घरी येतात. एक डॉक्टर आणि दुसरे वाचाचकाका. डॉक्टर बोलावल्यावर येतात.

काकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ कुणावर येत नाही, कारण ते आधीच जिन्यात गाठतात. ‘काय वाचताय सध्या?’ हे ते ‘काय, झालं का जेवण?’च्या चालीवर विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. तुम्ही काहीही सांगा, ते म्हणणार, ‘ते ठीक आहे हो. पण तुम्ही अमुक वाचलंय का? नाही? अहो, वाचाच!’ त्या ‘च’बरोबर त्यांची तर्जनी वरून खाली येते, पोस्टातला शिक्का आपटावा तशी. समोरच्याच्या कपाळावर तारीख उमटते आणि त्या तारखेपासून पंधरा दिवसांनी ते विचारतात, ‘कुठवर आलंय?’

आमची सोसायटी ट्रॉम्बेत आहे. ट्रॉम्बे म्हणजे मूळचं तुर्भे. जुन्या इंग्रज दर्यावर्दींनी खाडीतून दिसणाऱ्या आमच्या टेकडीला, तिच्या आकारावरून म्हणे, ‘बैलाची जीभ’ असं नाव ठेवलं होतं. टेकडी हजारेक फूट उंच आहे. ते खलाशी आज आले असते तर त्यांना नाव ठेवायला टेकडीपर्यंत जावं लागलं नसतं. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्येच काम झालं असतं.

काका अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झाले. ‘अप्सरा’ ही इथली पहिली अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झाली. काका तेव्हा तीन वर्षांचे होते आणि सांगलीत होते. तरी ते ‘आम्ही अप्सरा सुरू केली तेव्हा’ असं इतक्या सहज म्हणतात की नवा भाडेकरू हळूच त्यांचं वय मोजायला लागतो. वास्तविक काकांची सगळी नोकरी भांडार विभागात गेली. मागणीपत्र यायचं, त्यावरचं वर्णन वाचायचं, कपाटातल्या वस्तूशी ताडून पाहायचं आणि सही घेऊन वस्तू द्यायची. दोन इंची व्हॉल्व्ह मागितला तर दोन इंची व्हॉल्व्ह. तो कुठे बसवणार हे विचारणं भांडाराचं काम नव्हे.

पुस्तकं सुचवतानाही काकांची रीत तीच आहे. त्यामुळे जे काही झालं त्यात त्यांचा हेतू वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही.

पाचव्या मजल्यावरच्या मुलाचं लग्न झालं आणि जोडपं बोटीनं गोव्याला निघालं. काकांनी निघताना त्यांच्या हातात ‘रणांगण’ ठेवलं. ‘बोटीवरची प्रेमकथा आहे. फार जाड नाही. तिथेच वाचून होईल. वाचाच!’ आता विश्राम बेडेकरांची ही 1939 सालची कादंबरी बोटीवरची आहे हे खरं, प्रेमाची आहे हेही खरं. पण हर्टाचं त्या बोटीवर शेवटी काय होतं, हे मागणीपत्रात नव्हतं. सून परतली ती अबोल. सासूला वाटलं, बोट लागली.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा पुण्याला शिकायला गेला. हॉस्टेलवर. काका ‘कोसला’ घेऊन हजर. ‘खेड्यातला मुलगा, पुण्याचं हॉस्टेल, सगळं अगदी तंतोतंत!’ वहिनींनी तीन दिवस पांडुरंग सांगवीकराचं हॉस्टेल वाचलं, त्याचं पैसे उडवणं वाचलं, परीक्षा वाचली आणि चौथ्या दिवशी पहाटेची शिवनेरी पकडली. मुलगा बिचारा प्रॅक्टिकलला गेला होता. आई खोलीच्या दाराशी डबा घेऊन बसलेली पाहून मित्रांनी त्याला अजून ऐकवायचं थांबवलेलं नाही.

पुनर्विकास समितीला त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ दिली. समितीतल्या तिघांना आपलं व्यक्तिचित्र सापडलं आणि एकाला ते सापडलं नाही म्हणून तो जास्त रागावला.

पण सगळ्यांत गाजलं ते ‘स्मृतिचित्रे’. पहिल्या मजल्यावरच्या आजींना काका म्हणाले, ‘लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. नवऱ्याच्या विक्षिप्तपणापुढे कशी टिकली ती बाई! वाचाच.’ आजींनी आडनाव ऐकलं आणि बाकीचं त्यांनी स्वतःच जुळवलं. पुस्तक त्यांना फार आवडलं. फक्त त्या रोज मंडालेची वाट पाहत होत्या. शेवटी एका दुपारी 1895 साल आलं, टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आजी पुस्तक हातात तसंच उघडं धरून काकांच्या दारात आल्या. ‘अहो, लोकमान्य बाटले? आणि हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही?’ हे टिळक वेगळे, हे नारायण वामन, कवी, हे समजावायला काकांना अर्धा तास लागला. आजींनी मग पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं, म्हणजे काकांच्या आयुष्यातली एक शिफारस दोनदा वाचली गेली. ते हे अभिमानानं सांगतात.

आमच्याकडे बायकांची पुस्तकभिशी आहे. बाराजणी, महिन्याला दोनशे रुपये, पहिल्या शनिवारी चिठ्ठी. नाव निघेल तिनं त्या चोवीसशेंतून आपल्या पसंतीची पुस्तकं आणायची, आधी स्वतः वाचायची, मग फिरवायची. काका तिथे निमंत्रित सल्लागार आहेत. निमंत्रण कुणी दिलं याची नोंद मिळत नाही. पहिल्याच बैठकीला ते एकशे बारा पुस्तकांची यादी घेऊन आले. अनुक्रमांक, नाव, लेखक, पानं, वजन आणि शेरा अशी ती यादी होती. वजन कशाला, असं एकीनं विचारलं. ‘झोपून वाचणाऱ्यांसाठी,’ काका म्हणाले. पाठीच्या दुखण्यानं आडव्या पडलेल्या एका गृहस्थांना त्यांनी ‘मृत्युंजय’ दिलं होतं आणि ते नाकावर पडलं होतं. तेव्हापासून हा रकाना आला.

यादीत विज्ञानकथांना वेगळा विभाग आहे, आणि तिथे काकांचा सूर बदलतो, कारण हा घरचा माल. बाळ फोंडके आमच्याच केंद्रात संशोधन करत होते. आणि मराठी विज्ञान परिषद आमच्याच रस्त्यावर, दुसऱ्या टोकाला चुनाभट्टीला आहे. 1974 साली परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं हे नाव. परीक्षकांनी कोण लिहितोय ते न कळता तिला बक्षीस दिलं. ही हकिकत काका दर भिशीला सांगतात, आणि एकदा सांगता सांगताच त्यांना कल्पना सुचली. नाव न कळता वाचलं पाहिजे! पुढच्या महिन्यात त्यांनी बारा पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली, आतलं नावाचं पान चिकटपट्टीनं बंद केलं आणि चिठ्ठ्या टाकून वाटली. तिघींना वाचलेलंच पुस्तक आलं. एकीला बीजगणिताचं गाइड आलं, ते काकांच्या नातवाचं होतं आणि घरी दोन दिवस शोधाशोध चालली होती. आजींनी मात्र कव्हरावरचं वर्तमानपत्रच वाचून काढलं आणि ‘बरं होतं’ असा अभिप्राय दिला.

पुस्तकं काका स्वतःची देतात, हे सांगायला हवं. नुसतं तोंडानं सुचवणारे पुष्कळ असतात. दिलेल्या प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद होते, पहिल्या पानावर त्यांचा गोल शिक्का असतो, आणि परत न येण्याबद्दलचं त्यांचं शास्त्र आहे. उसन्या दिलेल्या पुस्तकाचं अर्धायुष्य साडेतीन महिने. म्हणजे साडेतीन महिन्यांनी त्यातली निम्मीच शिल्लक राहतात, पुढच्या साडेतीन महिन्यांनी निम्म्याची निम्मी. पूर्ण शून्य कधीच होत नाही, हे त्यांचं समाधान.

काही पुस्तकं आडवाटेनं परत येतात. अणुकेंद्राजवळची जनता कॉलनी 1976 साली उठवली आणि तिथली माणसं चीता कॅम्पात नेऊन वसवली. त्या चीता कॅम्पात एक रद्दीवाला आहे. तमिळ घरात बोलतो, हिंदी धंद्यात, आणि मराठी पुस्तक चित्रावरून ओळखतो. काका त्याच्याकडे दर बुधवारी जातात. एकदा मी बरोबर होतो. ढिगातून त्यानं एक पुस्तक काढून काकांपुढे धरलं. ‘ये लो, आपके टाइप का है.’ आत काकांचा गोल शिक्का. काकांनी वीस रुपये मोजले, चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही आणि घरी येऊन वहीत त्या नोंदीपुढे लिहिलं : परत आले. कुणाकडून, तो रकाना कोरा ठेवला. ते पुस्तक ज्यांना दिलं होतं ते गृहस्थ त्याच संध्याकाळी जिन्यात भेटले. काका त्यांना म्हणाले, ‘काय वाचताय सध्या?’

काका भिलारलाही जाऊन आले. पाचगणीजवळचं ते ‘पुस्तकांचं गाव’, 2017 सालापासूनचं. घरोघरी पुस्तकं, एकेका घरात एकेका प्रकारची. सगळ्यांना वाटलं, आता तिथेच राहतात की काय. पण दुसऱ्याच दिवशी परतले. ‘छान आहे,’ म्हणाले, ‘पण ज्याला जे हवं ते तो आपलं आपणच घेतो.’ त्यांच्या आवाजात इतकी खिन्नता मी फक्त मान्सून लांबल्यावर ऐकली आहे.

आता मावशींची गोष्ट. मावशी ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या. आठवड्यातून तीनदा आमच्या फाटकाशी टोपली घेऊन बसतात. बोंबील, मांदेली, कधी चिंबोऱ्या, नशीब असेल तर खाडीतले निवटे. काकांनी त्यांनाही विचारलं होतं, काय वाचता म्हणून. मावशी म्हणाल्या, ‘वाचाया येत नाय, बोंबील घेता का?’ पण काका मागे हटले नाहीत. मागणीपत्र त्यांनी स्वतःच भरलं : समुद्र, होडी, कोळी. वहीत असलं मराठीत काही सापडेना. सापडली ती तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची मल्याळी ‘चेम्मीन’, 1956 सालची, जिला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. काकांनी ती इंग्रजीतून वाचली होती आणि अडलेले शब्द तळमजल्यावरच्या मल्याळी शेजाऱ्यांना विचारले होते. पण वाचता न येणाऱ्या बाईला ‘वाचाच’ कसं म्हणणार? मग काका फाटकाशी उकिडवे बसले आणि सांगायलाच लागले.

पहिल्या दिवशी करुत्तम्मा आली, तिचा बाप आला, तिच्यावर जीव असलेला परीकुट्टी हा मुसलमान मासळीचा व्यापारी आला. बापानं होडीसाठी त्याच्याकडून पैसे उचलले.

‘फेडले का?’ मावशींनी विचारलं.

‘ते पुढे येईल.’

‘फेडत नाय तो,’ मावशी म्हणाल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

काका दर वेळी जायला लागले. गोष्ट ऐकवायची म्हणजे मासळी घेणं आलं. काकूंचा फ्रीझर भरला. ‘या कादंबरीचे आत्तापर्यंत बाराशे रुपये झाले,’ त्या मला म्हणाल्या, ‘आणि अजून तिचं लग्न व्हायचंय.’ लग्न झालं, पळनी नावाच्या एका अनाथ कोळ्याशी. मग काकांनी कादंबरीचं मर्म आवाज खाली आणून सांगितलं : त्या किनाऱ्यावर समज अशी की नवरा दर्यावर असतो तेव्हा त्याचा जीव घरच्या बायकोच्या चालीवर असतो. ती चुकली की समुद्र त्याला गिळतो.

मावशींनी बोंबलाचं डोकं उडवलं. ‘आनि बायको बाजारात असंल तवा तिचा जीव कुनाच्या चालीवर?’

काकांकडे या शेऱ्यासाठी रकाना नव्हता.

शेवट एका रविवारी झाला. मी भाजीची पिशवी घेऊन थांबलो होतो, मागे दोन गिऱ्हाइकं होती, वॉचमन खुर्ची ओढून जवळ आला होता. रात्री पळनी एकटा दर्यात, गळाला प्रचंड मोरी लागलेली, भोवरा. काका कधी नव्हे इतके हळू बोलत होते. मग किनाऱ्यावर सापडलेले करुत्तम्मा आणि परीकुट्टी, आणि लांब कुठेतरी वाळूत येऊन पडलेली, गळ गिळलेली ती मोरी. काका थांबले. वॉचमननं नाक पुसलं.

‘मोरी केवढी होती?’ मावशींनी विचारलं.

‘मोठी. खूपच मोठी.’

‘मंग ती कुनी नेली?’

काकांनी मनातल्या मनात पानं उलटल्याचं दिसलं. ‘तसं काही लिहिलेलं नाही.’

‘येवढी मोरी वाल्लूत पडली, आनि कुनी नेली ते लिवलं नाय?’ मावशींनी टोपली आवरायला घेतली. ‘आनि पुस्तकाचं नाव काय म्हनलात?’

‘चेम्मीन. म्हणजे कोळंबी.’

‘नाव कोलंबीचं, मानूस मेला मोरीच्या पाठी. दुसरं सांगा बुधवारी. बाईचा हिसाब चुकत नाय असं सांगा.’

काकांची तर्जनी अर्ध्यावर गेली होती, ती तशीच खाली आली. सोमवारी सकाळी ते मला दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्ये भेटले. हातात यादी होती, एकशे बारा नावं वरून खाली दोनदा तपासलेली, प्रत्येकापुढे पेन्सिलीची बारीक फुली.

‘तुम्हाला आठवतंय का एखादं?’ त्यांनी विचारलं.

आणि थांबले. मी म्हटलं, बघतो. ते हलले नाहीत. हातातली दुधाची पिशवी फुटकी निघाली होती, थेंब थेंब जिन्यावर गळत होती, आणि काका पायरीला टेकून उत्तराची वाट पाहत उभे होते.