जातीची टीपी

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं (टीपीचं) पुस्तक मिळालं. गावाचा बांबू गावाच्या टीपीवर बाहेर जाऊ लागला. आमची नम्र सूचना एवढीच, की जातीलाही टीपी लावा. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातून तेंदू आणि मोह जातो तशी जातही जाते. तिची रॉयल्टी मात्र कुणी मागत नाही.

उचल कशी होते बघा. हलबा आदिवासी राहतो कुरखेडा-कोरचीकडे. 1985-86 साली त्याच्या नावावर एमबीबीएसची जागा मिळाली एका कोष्टी, म्हणजे विणकर जातीच्या विद्यार्थ्याला. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये निकाल दिला, की हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हे. पदवी मात्र राहू दिली, कारण अशा शिक्षणावर सरकारचा भरमसाट पैसा खर्ची पडतो! ज्या आदिवासी पोराची जागा गेली, त्याच्यावर छदामही खर्च झाला नव्हता. त्याचं कसलं आलंय नुकसान? (विणकर गरीब नव्हते असं कोण म्हणतं? पण हातमाग बुडाला त्यावर इलाज करण्यापेक्षा शेजाऱ्याचं ताट दाखवणं पुढाऱ्यांना स्वस्त पडलं.)

2017 मध्ये न्यायालयाने बजावलं, खोट्या दाखल्याला संरक्षण नाही. सरकारने 2019 च्या डिसेंबरात तोड काढली: अशा दाखल्यावर नोकरीत असलेल्यांसाठी अधिसंख्य, म्हणजे जादाची पदं. दाखला अवैध, पगार वैध.

बरं, अस्सल दाखल्याचं काय होतं? 2014-15 मध्ये गडचिरोली पोलिसांनी शिष्यवृत्ती घोटाळा उकरला. तिथे दाखले खरे होते, शिक्षण तेवढं कागदावर. पोरांची कागदपत्रं गोळा करायची, कुठल्याशा कोर्सला नाव चढवायचं, रक्कम संस्थेने उचलायची. पुढे राज्यभर चौकशीला पोलीस अधिकारी व्यंकटेशम यांचं कृती दल नेमावं लागलं. आदिवासींच्या उच्च शिक्षणावर खर्च होत नाही, असं आता कोणी म्हणू नये. खर्च होतो. शिक्षण राहून जातं.

आणि भामरागडचा माडिया आदिवासी पोरगा खरोखरच कॉलेजात पोचला, तर? दाखल्याची पडताळणी सुरू होते.
“6 सप्टेंबर 1950 ला जमातींची यादी निघाली, त्यापूर्वीचा पुरावा आण.”
“आजा शाळेतच गेला नाही, साहेब.”
“का नाही गेला?”
जायला शाळा कुठे होती? हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला 1973 साली, त्याची शाळा त्याहून नंतर. शहरातल्या माणसाकडे पणजोबाचा शाळेचा दाखला असतो, म्हणून आदिवासी असल्याचे कागद त्याच्याकडे जास्त सापडतात. जो जितका जंगलात, तितका संशयित.

तोवर खानावळवाला दर महिन्याला पैसे मागतो आणि परीक्षा उरकल्यावर शिष्यवृत्ती खात्यात येते. फाटक्या खिशाच्या पोराने मधल्या काळात गावी परतायचं, ही अभ्यासक्रमातली अलिखित सुट्टी.

आदिवासी विकास विभागाने दोन कामं करावीत. हप्ता परीक्षेच्या आधी द्यावा. आणि कुणाच्या नावावर कोणत्या कॉलेजने किती रक्कम उचलली, ती यादी दरवर्षी त्या-त्या ग्रामसभेत वाचून दाखवावी.