ट्राम नसली तरी चालेल, टर्मिनस पाहिजे

आम्हा उधना-लिंबायतच्या खानदेशी मंडळींना सुरतेची निंदा खपत नाही. अमळनेर-नंदुरबारकडून ताप्ती लाईनने आलेल्या बापजाद्यांना या गावाने लूमवर काम दिलं, खोली दिली, वर खायला लोचो दिला. पण एका बाबतीत मान खाली जाते. आमच्याकडे विजेच्या ट्रामचं टर्मिनस नाही. ट्रामच कधी धावली नाही तर टर्मिनस कुठून येणार, असं कोणी म्हणेल. त्याने दादरला जाऊन यावं.

मुंबईत 1874 साली घोड्यांची ट्राम आली, 1907 च्या मे महिन्यात विजेची, 1920 मध्ये दुमजली. मोटरमन पायाने घंटा बडवायचा आणि रुळांवर चालणारी माणसं सवडीने बाजूला व्हायची. 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली आणि कारभार आटोपला. रूळ डांबराखाली गेले. ‘दादर टी.टी.’, म्हणजे ट्राम टर्मिनस, मात्र जागचं हललं नाही. खोदादाद सर्कलला डोक्यावर उड्डाणपूल, खाली टॅक्सीवाल्यांची हुज्जत, आणि बसचा कंडक्टर ‘टीटी, टीटी’ ओरडला की माणसं निमूट उतरतात. ‘ट्राम कुठाय?’ म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. ना संप, ना तोटा, ना भाडेवाढ. इतकं सुरळीत चालणारं टर्मिनस देशात दुसरं नसेल.

आमच्याकडे उलटा प्रकार. जानेवारी 2021 मध्ये मेट्रोचं भूमिपूजन झालं, चाळीसेक किलोमीटरचे दोन मार्ग ठरले, रस्तोरस्ती पत्रे लागले. एका मार्गाचं शेवटचं स्थानक ड्रीम सिटीत, म्हणजे डायमंड बोर्सच्या दारात. हा बोर्स पेंटॅगॉनपेक्षा मोठा! साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं. डिसेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. मेट्रो तेव्हा खांबांवरच होती. आणि हिरे? ते महिधरपुऱ्यात, स्कूटरच्या सीटवर. दलाल कागदाची पुडी उलगडतो, चिमट्याने खडा उचलतो, उजेडाकडे धरतो. मागून रिक्षा भोंगा वाजवते, पुढून गाय येते. चिमटा हलत नाही. अशा माणसाला वातानुकूलित मजला दाखवला तर तो आधी विचारतो, स्कूटर कुठे लावायची?

म्हणून माझी सूचना अशी की आपणही एक ट्राम टर्मिनस जाहीर करून टाकावं. इमारत नको, रूळ नकोत, निविदा तर मुळीच नको (ठेकेदार मंडळींनी राग मानू नये). एक पाटी पुरे.

ती लावायची कुठे यावर वाद होतील. चौक बाजारवाले किल्ल्याजवळची जागा मागतील, वराछावाले आपली. माझं मत डुमस रोडच्या त्या हॉटेलला. जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार रात्रीतून तिथे उतरले आणि पुढे विमानाने गुवाहाटीला रवाना झाले. आठवडा-दीड आठवड्यात मुंबईत मुख्यमंत्री बदलले. एवढी मोठी वाहतूक दादर टी.टी.ने ट्राम चालू असतानाही केली नव्हती. गुवाहाटीवाले हक्क सांगायला येतीलच. त्यांना खुशाल ‘डेपो’ची पाटी द्यावी. तिकिटं इथे फाटली.