‘आम्ही पैसे देणार नाही’ इथून सुरुवात करा

ओंटारिओत दोन-तीन हिवाळे काढून झाले, फावड्याने ड्राइव्हवे साफ करण्याचा उत्साह ओसरला आणि शेजारचा माणूस दर शनिवारी पहाटे पिकअपमागे ट्रेलर जोडून उत्तरेकडे कुठे जातो याचं कुतूहल अनावर झालं, की ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या मराठी माणसाच्या डोक्यात स्नोमोबिल शिरते. शिरू द्यावी. हे मार्गदर्शन अशाच नवशिक्यांसाठी आहे. ‘आम्ही गुलमर्गला चालवली आहे की’ म्हणणाऱ्यांनीही वाचावं. तिथे टांगमर्गहून भाड्याने घेतलेला कोट आणि गमबूट चढवून आपण मागे बसलेलो असतो, चालवणारा स्थानिक मुलगा पुढे असतो, आणि फोटोत तो येणार नाही याची काळजी घेतलेली असते. त्याला अनुभव म्हणत नाहीत.

पहिली पायरी म्हणजे यंत्र बघायला न जाणे. शोरूममध्ये एकदा पाय टाकलात की तुमच्याकडून काही शहाणपण होण्याची आशा संपली. त्याआधी विम्याची पॉलिसी मागवा. ओंटारिओत स्नोमोबिलचा विमा मोटारीच्याच छापील पॉलिसीवर उतरतो. ती सरकारने ठरवून दिलेली असल्यामुळे कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. कंपनीचं रंगीत पत्रक बाजूला ठेवा, त्यात सूर्यास्त असतो. पॉलिसीत जिथे जिथे ‘आम्ही पैसे देणार नाही’ असं आलं आहे तिथे पेन्सिलीने खूण करा. हिवाळी सहल कशी आखावी हे सांगणारं याहून नेमकं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. अशा प्रत्येक कलमामागे, मला खात्री आहे, एक तरी महाभाग असणार, ज्याने ते करून दाखवलं आणि वर क्लेमचा फॉर्मही भरला.

कायद्याचा भाग झटपट उरकू. स्नोमोबिल घेतल्यापासून सहा दिवसांत ती आपल्या नावावर नोंदवायची. चालवायला मोटारीचं लायसन्स किंवा स्नोमोबिलचं वेगळं लायसन्स हवं. हेल्मेट सक्तीचं. विमाही सक्तीचा, आणि घराच्या विम्यात हे आपोआप येत असेल हा भ्रम आधी काढून टाका. स्वतःच्या जमिनीवर चालवायची असेल तर यातल्या बऱ्याच गोष्टींची सूट आहे. टाउनहाउसच्या परसदारी ही सूट वापरायची तर स्नोमोबिल सुरू करेपर्यंत कुंपण येतं.

दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईसाठी कायद्याने किमान २,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं. ब्रोकर १० लाख किंवा २० लाख सुचवेल. आपल्याला लगेच वाटतं, हा कमिशन काढतोय. पण अडीचशे किलोचं धूड एखाद्याच्या गुडघ्यावर गेलं तर पुढची वीस वर्षं त्याच्या पगाराचा हिशेब कोण देणार, याचं गणित घरी कागदावर मांडून बघा. हप्त्यातला फरक भरपाईतल्या फरकाच्या मानाने किरकोळ असतो. कंजूषी करायचीच असेल तर डिडक्टिबलमध्ये करा, म्हणजे नुकसानीचा पहिला हजार डॉलर आपण सोसायचा. पुढची काच फुटली की तुमचे तुम्ही, पण हप्ता उतरतो.

आता खुणा केलेल्या ओळींकडे वळू. सगळ्यात आधी जी ओळ नजरेत भरते ती अशी: यंत्राचा भाग आपणहून मोडला, गंजला, झिजला किंवा गोठला तर पैसे नाहीत. गोठला! बर्फावर चालणाऱ्या वाहनाच्या विम्यात गोठणं वगळलेलं आहे. मजकूर मोटारीसाठी लिहिला गेला आणि स्नोमोबिल त्यात मागाहून येऊन बसली, त्यामुळे कुणावर रागावताही येत नाही. यातून घ्यायचा धडा असा की कूलंट आणि बॅटरी ऑक्टोबरातच तपासून घ्यावी, आणि बॉनेटखाली एक जादा बेल्ट नेहमी ठेवावा. इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत पोहोचवणारा हा रबरी बेल्ट तुटला की स्नोमोबिल जागची हलत नाही. तो तुटणं म्हणजे ‘भाग आपणहून मोडणं’, म्हणजे पुन्हा तेच कलम.

दुसरी ओळ शर्यतीची. शर्यत किंवा वेगाची चाचणी करताना काही झालं तर पॉलिसी हात वर करते. ‘आम्ही कशाला शर्यत लावतोय’ असं म्हणू नका. गोठलेल्या तळ्यावर मित्राने ‘बघू तरी किती पळते’ म्हटलं आणि तुम्ही उजव्या अंगठ्याने थ्रॉटल दाबलात, की झाली वेगाची चाचणी. ट्रेलवर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे. यंत्र त्याच्या तिप्पट पळू शकतं. हे दोन आकडे एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदावेत अशी कायद्याची अपेक्षा आहे.

स्फोटकं आणि किरणोत्सर्गी पदार्थ वाहून नेणंही वगळलेलं आहे. दुसऱ्याचा प्रश्न सहसा येत नाही. पहिल्याबाबत एवढंच, की दिवाळीचे उरलेले फटाके नववर्षाला तळ्यावर उडवायची कल्पना असेल, तर ते कलमात बसतात की नाही हा वाद कोर्टात घालण्यापेक्षा फटाके मोटारीतही न्यायचे नाहीत हे बरं. लायसन्स नसलेल्या मेहुण्याला ‘एक चक्कर मार’ म्हणणंही पॉलिसीला मंजूर नाही. मेहुण्याला मात्र ते मंजूर असतं, आणि तो रविवारी येणार असतो. दारू पिऊन चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर स्वतःच्या स्नोमोबिलच्या नुकसानीचे पैसे बुडाले. शिवाय तो फौजदारी गुन्हा असल्यामुळे मोटारीचं लायसन्सही जातं. म्हणजे शनिवारी ट्रेलवरच्या एका थांब्यावर घेतलेल्या ‘अंगात ऊब आणणाऱ्या’ घोटांमुळे सोमवारी ऑफिसला बसने. दारूने ऊब येत नाही हेही इथेच सांगून टाकतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तेवढ्यापुरतं गरम वाटतं, आणि शरीरातली उष्णता बाहेर पडते.

‘आम्ही पैसे देऊ’ ही बाजूही वाचण्यासारखी आहे. ठरावीक संकटांच्या विम्यात आग, चोरी, वीज, वादळ, गारपीट, भूकंप, दंगल आणि विमान किंवा विमानाचा तुकडा अंगावर कोसळणं हे सगळं येतं. हॅलिबर्टनच्या जंगलात दंगल झाली तर तुम्ही निर्धास्त. त्याच यादीत ‘वर चढणारं पाणी’ आहे. इथे नवशिक्यांनी क्षणभर थांबावं. तळ्याचं पाणी चढून गॅरेजमध्ये शिरलं तर ते या कलमात बसतं. पण तुम्ही स्नोमोबिलसकट बर्फ फोडून तळ्यात गेलात, तर पाणी वर आलेलं नाही, तुम्ही खाली गेलेले आहात. हे वेगळं प्रकरण आहे. तुमच्या प्रकारच्या विम्यात ते कुठे बसतं, बुडालेली स्नोमोबिल वर काढायचा खर्च कोणाचा, हे ब्रोकरला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो हो, होतं ते कव्हर’ तळाशी उपयोगी पडत नाही.

ईमेलचं उत्तर येईपर्यंत बर्फाची ओळख करून घ्या, कारण या छंदात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे. निळसर, पारदर्शक, एकसंध बर्फ भरवशाचा. पांढरा दुधट बर्फ, ज्यात हिम मिसळून गोठलेलं असतं, तो साधारण निम्म्या ताकदीचा. करडा दिसला तर त्यात पाणी आहे, परत फिरा. कॅनडाची रेड क्रॉस स्नोमोबिलसाठी किमान २५ सेंटिमीटर जाडी सांगते. ती किनाऱ्यावर उभं राहून, डोळे बारीक करून मोजता येत नाही, ड्रिलने भोक पाडून मोजावी लागते. आणि एका भोकावरून अख्ख्या तळ्याचा अंदाज बांधायचा नाही. जिथे ओढा तळ्याला मिळतो, जिथे दोन तळ्यांमधला भाग चिंचोळा होऊन पाणी वाहतं, पुलाखाली, आणि लोकांनी धक्क्याच्या खांबांना बर्फाने उचकटू नये म्हणून जिथे पाण्यात बुडबुडे सोडणारी यंत्रं लावलेली असतात, तिथे जानेवारीतही बर्फ पापुद्र्याएवढा असू शकतो. वरून भुरभुरीत हिमाची जाड दुलई पडली की सगळं सारखंच पांढरं दिसतं. वर ती दुलई थंडी आत जाऊ देत नाही, त्यामुळे खालचा बर्फ जाड व्हायचा थांबतो.

तरीही पडलातच, तर मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी लोकप्रिय केलेलं १-१०-१ हे सूत्र पाठ असू द्या. त्यांनी थंडगार पाण्यात स्वतः अनेकदा उतरून अभ्यास केला आहे, म्हणून त्यांचं ऐकावं. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, कारण थंडीच्या धक्क्याने माणूस धापा टाकतो आणि पाणी आत घेतो. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे घाईत गारठून मरण येत नाही, घाबरून येतं. ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड करा, तिथल्या बर्फाने तुम्हाला नुकतंच पेललेलं आहे. गळ्यात अडकवलेले दोन टोकदार दांडे बर्फात रोवा, पाय मारत पोटावर वर सरका, आणि उभं न राहता लोळत दूर जा. हे दांडे डिकीत ठेवणाऱ्यांनी डिकी कुठे असेल याचा विचार करावा.

मार्ग आखणं त्या मानाने सोपं. ओंटारिओ फेडरेशन ऑफ स्नोमोबाइल क्लब्जच्या ट्रेलचं जाळं ३०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. त्या ट्रेलचा परमिट १ नोव्हेंबरच्या आत घेतला तर स्वस्त पडतो. हे मराठी माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. नकाशावर हिरवा म्हणजे ट्रेल खुला, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे बंद. पिवळ्याचा अर्थ मुंबईच्या सिग्नलवरून लावू नये. यातले कितीतरी ट्रेल शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून जातात आणि रात्री क्लबचे स्वयंसेवक मोठमोठ्या ग्रूमर यंत्रांनी ते सपाट करत असतात. तुम्ही गंमत म्हणून शेतात वळलात तर पुढच्या वर्षी तो शेतकरी फाटक लावतो आणि शंभर जणांचा रस्ता बंद होतो. टाकी १५० ते २०० किलोमीटर जाते, भुसभुशीत हिमात त्याहून कमी. पहिल्या खेपेला जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर पुरे. दुसऱ्या दिवशी अंगठा आणि खांदे तुम्हाला कारण सांगतील. आणखी एक, निव्वळ टणक बर्फावर फार वेळ चालवू नका. पट्ट्याने उडवलेलं सुटं हिमच यंत्राला थंड ठेवतं. उणे वीस तापमानात इंजिन तापून बंद पडलं असं घरी फोनवर सांगून कुणाला पटणार नाही.

घरी फोन लागला तर. जंगलात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून निघण्यापूर्वी कुठे जातो, कुठून परततो, किती वाजेपर्यंत आलो नाही तर कुणाला कळवायचं, हे कागदावर लिहून घरच्यांना द्यायचं. याचा कंटाळा येणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: क्वेबेकमधल्या वालकूरच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात पोटातल्या संसर्गाने दगावला. रस्ते बर्फाने बंद होते आणि इस्पितळ गाठता येईना. त्याच्या वर्कशॉपमध्ये बर्फावर चालणारी गाडी अर्धवट पडून होती. पुढे त्याने सात माणसांची गाडी बाजारात आणली, १९३७ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि १९५९ मध्ये एका-दोघांची स्की-डू आली. गाडी निघाली इस्पितळ गाठायला. आपण तिच्यावर बसून इस्पितळापासून शक्य तितकं लांब जातो.

कपड्यांचा मामला: सुती बनियन घरी ठेवा, ते घाम धरून ठेवतं. उणे वीस तापमानात ताशी ५० ने गेलात तर उघड्या कातडीला उणे पस्तीसचा वारा लागतो. माकडटोपी घाला, हसणाऱ्यांनी आपली आतून घातलेली असते. खाण्याचं म्हणाल तर एक्झॉस्टच्या पाइपावर बसवायचा धातूचा डबा मिळतो. इथले लोक त्यात सॉसेज भाजतात. फॉइलमध्ये गुंडाळलेली गूळपोळी त्यात उत्तम होते, फक्त बाहेर काढल्यावर गूळ जरा निवू द्या. वळणावर समोरून दुसरी स्नोमोबिल आली तर उजवीकडे राहून डावा हात खांद्यावरून मागे दाखवायचा, म्हणजे मागे आणखी येताहेत. शेवटच्याने मूठ वळून दाखवायची. मराठी मंडळींच्या ग्रुपमध्ये शेवटचा कोण हे निघण्याआधीच ठरवून घ्या, नाहीतर तिघे मूठ दाखवतात.

राहता राहिला क्लेम. फोटो काढा, साक्षीदाराचं नाव घ्या, पोलिसांना कळवा, त्याच दिवशी ब्रोकरला सांगा. फॉर्ममध्ये ‘अपघाताच्या वेळी वेग किती होता?’ असा रकाना आला तर तिथे ‘बेताचा’ असं लिहू नये. कारण मागून येणाऱ्या मित्राने तुमचा व्हिडिओ काढलेला असतो, त्याच्या स्वतःच्या स्पीडोमीटरवर ११८ स्पष्ट दिसत असतो, तो तुमच्यापेक्षा मागे पडत चाललेला असतो, आणि तोवर हा व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेला असतो. त्याखाली अंगठे दाखवणाऱ्यांत तुमचा ब्रोकरही असतो.